पायजेडब्ल्यूटी: लायब्ररी चांगली, पण डिफॉल्टवर विसंबू नका

पायथनमध्ये जेडब्ल्यूटी टोकन (लॉगिन केलेल्याची ओळख वगैरे सांगणारा, डिजिटल सही असलेला मजकूर) साइन करायला पायजेडब्ल्यूटी ही लायब्ररी पुरेशी आहे. एन्कोड आणि डिकोड, कामाची फंक्शन्स दोनच. इन्स्टॉल करताना नाव नीट टाका: ‘पायजेडब्ल्यूटी’. नुसत्या ‘जेडब्ल्यूटी’ नावाचं पॅकेज वेगळंच आहे, आणि दोन्ही एकत्र आली की इम्पोर्टचा घोळ होतो. आरएस256 (प्रायव्हेट कीने सही, पब्लिक कीने तपासणी) हवं असेल तर क्रिप्टोग्राफी पॅकेजही लागतं.

सगळ्यात चांगला बदल 2.0 मधला: डिकोड करताना सहीच्या अल्गोरिदमची यादी द्यावीच लागते. ही यादी कोडमध्ये पक्की लिहा. टोकनच्या हेडरमधलं ‘अल्ग’ (अल्गोरिदमचं नाव) वाचून ती ठरवणं म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. एचएस (सही आणि तपासणी एकाच सीक्रेटने) आणि आरएस एकाच यादीत घालू नका; पब्लिक की सीक्रेट म्हणून वापरून खोटं टोकन बनवण्याचा डाव जुनाच आहे. अशा गोंधळाची एक फट 2.4.0 मध्ये बुजवली, त्यामुळे त्याआधीची आवृत्ती ठेवू नका.

खटकतं ते हे: टोकनमध्ये ‘एक्स्प’ (मुदत संपण्याची वेळ) नसेल, तरी डिकोड मुकाट पास करतं. ऑप्शन्समध्ये ‘रिक्वायर’ देऊन ‘एक्स्प’ सक्तीचं करा. उलट ‘ऑड’ (टोकन कोणासाठी आहे, म्हणजे ऑडियन्स) असलेलं टोकन ऑडियन्स न देता तपासलं की एरर येते, आणि ते योग्यच आहे. सर्व्हरांची घड्याळं थोडी मागेपुढे असतील तर ‘लीवे’ (वेळेतली सूट) 10 सेकंद ठेवा. एचएस256 चं सीक्रेट किमान 32 बाइटचं, रँडम हवं. ‘सीक्रेट123’ ऑफलाइन सहज फुटतं.

लॉगआउटनंतर टोकन रद्द करायची सोय मात्र यात नाही. ‘जेटीआय’ची (टोकनच्या आयडीची) यादी रेडिससारख्या डेटाबेसमध्ये आपणच सांभाळायची.