कॉर्न स्नेकला ऊब कशानं द्यायची: काचेखालची मॅट की जाळीतला सिरॅमिक बल्ब?

इंग्लंडात आमच्या घरी केशर आहे, सव्वा मीटरची कॉर्न स्नेक, म्हणजे मूळचा अमेरिकेतला बिनविषारी साप. (भारतात धामण किंवा अजगर असा घरात ठेवला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा होतो, तेव्हा हे वाचून तिकडे कुणी हा उद्योग करू नये.) नवे पाळणारे विचारतात, मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) घेऊ की सिरॅमिक बल्ब (उजेड न देता नुसता तापणारा)? मी विचारते, वायर कुठून नेणार? जिथून वायर जाते तिथे हिचं डोकं जातं, आणि डोकं गेलं की बाकीची केशर मागोमाग.

काचेची पेटी असेल तर माझं मत मॅटला. ती बाहेरून, तळाला लागते; वायर आत येतच नाही. तळाचा साधारण तिसरा हिस्सा झाकला की एका बाजूला २८ ते ३० अंश मिळतात आणि दुसरी बाजू गार राहते. भुसा मात्र तिथे पातळच पसरायचा, नाहीतर ऊब खाली कोंडते. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा नियंत्रक, हवाच. पोट भाजत असतानाही साप पटकन उठून जात नाही.

थर्मोस्टॅट असूनही आमची फजिती झाली. त्याचा तापमान मोजणारा सेन्सर मी आत ठेवला होता. केशरबाईंनी तो ओढत नेऊन पाण्याच्या भांड्यात टाकला. पाणी गार, म्हणून थर्मोस्टॅटला वाटलं पेटीच गारठली, आणि मॅट तापतच राहिली. सकाळी काचेला हात लावला तर चटका बसला. नशीब, केशर गार कोपऱ्यात होती. तेव्हापासून सेन्सर मॅट आणि काच यांच्या मधे. आत चिकटपट्टीनं डकवायचा मोह होतो, पण पट्टी सापाला चिकटली तर खवल्यांसकट निघते.

लाकडी पेटीत मॅटची ऊब फळीतून नीट वर येत नाही, तिथे सिरॅमिक बल्ब बरा. उजेड नाही, त्यामुळे रात्रीही चालतो. पण त्याचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो आणि सापाला त्यालाच विळखा घालायचा असतो. छताला स्क्रूनं घट्ट बसवलेली जाळी, सिरॅमिकचाच होल्डर आणि पल्स थर्मोस्टॅट (वीज थोड्या थोड्या झटक्यांनी देणारा), एवढा खर्च धरूनच किंमत बघा. वायरच्या भोकात माझी करंगळी शिरली तर ते बुजवायचं, हा माझा नियम.

प्लगकडे जाणारी वायर दोन्हीकडे आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली ठिबकतं.

पिल्लू असेल तर काच आणि मॅटच घ्या, झाकणाला कडी लावून. तरी निसटलंच, तर आधी फ्रिजच्या मागे बघा, तिथे उबदार असतं. ते सापडेपर्यंत रिक्लायनर सोफ्याला कुणी हात लावायचा नाही, आत दडलं असेल तर चिरडेल. आणि उंदरांसाठीचे चिकट पुठ्ठे सापाच्या घरात आणूच नका.