गाडीचा ओन डॅमेज विमा: छोट्या नुकसानीला क्लेम करणं परवडतं का?

चारचाकीच्या पॅकेज पॉलिसीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचा विमा. ती कायद्याने सक्तीची आहे आणि तिचे दर सरकार ठरवतं. दुसरी ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा. हे परीक्षण या दुसऱ्या भागाचं आहे. मोठा अपघात, चोरी, आग किंवा पूर यांसाठी तो घ्यायलाच हवा. बंपरला आलेला पोचा किंवा दारावरचा ओरखडा यासाठी मात्र तो वापरणं बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं. कारण क्लेमचा खरा खर्च गॅरेजच्या बिलात दिसत नाही, तो पुढच्या पाच वर्षांच्या हप्त्यांत दिसतो.

क्लेमविना वर्ष गेलं की ओन डॅमेजच्या हप्त्यावर नो क्लेम बोनस (एनसीबी) नावाची सूट मिळते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. एक क्लेम झाला की बोनस एकदम शून्यावर येतो, एक पायरी खाली नाही. चूक कोणाची होती हेही इथे पाहिलं जात नाही. सिग्नलला उभ्या गाडीला मागून कोणी ठोकलं आणि दुरुस्ती तुमच्या पॉलिसीतून झाली, तरी बोनस तुमचाच जातो. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून पैसे मिळवायचे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं आणि किरकोळ रकमेसाठी ते कोणी करत नाही. या उत्पादनाचा मला सर्वांत अन्यायकारक वाटणारा भाग हाच.

आता हिशोब. समजा बोनस वजा करण्याआधीचा ओन डॅमेज हप्ता १०,००० रुपये आहे आणि सध्या ३५ टक्के बोनस चालू आहे. क्लेम केला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के मिळतील, केला तर शून्य. फरक ४,५०० रुपये. त्यानंतरच्या वर्षी ५० विरुद्ध २०, म्हणजे ३,०००. मग २,५००, १,५०० आणि शेवटी ५००. सहाव्या वर्षी दोन्ही बाजू बरोबरीत येतात. एकूण १२,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर १४,१६०. बोनस आधीच ५० टक्के असेल तर जीएसटीआधीचा तोटा १२,५००, २५ टक्के असेल तर १०,५००, २० टक्के असेल तर ८,०००. बोनस अजून मिळालेलाच नाही, पॉलिसीचं पहिलंच वर्ष आहे, तर फक्त ५,०००. तुमचा मूळ हप्ता वेगळा असेल तर हे आकडे त्याच प्रमाणात वाढवा किंवा कमी करा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, दरवर्षी उतरते, तसा मूळ हप्ताही साधारण उतरतो, त्यामुळे प्रत्यक्ष तोटा यापेक्षा थोडा कमी भरेल. आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत दुसरा क्लेम होणारच असेल, तर बोनस तेव्हाही गेलाच असता. सतत गर्दीत गाडी चालवणाऱ्याने हेही धरावं.

दुसरी बाजू म्हणजे कंपनी प्रत्यक्षात किती देते. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉन, टायर आणि बॅटरी यांवर सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने उतरलेली किंमत, कापतात, फायबरग्लासवर ३० टक्के. पत्र्याच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत काही नाही, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४० टक्के आणि त्यापुढे ५०. काचेवर घसारा नाही. रंगकामाच्या एकत्रित बिलात २५ टक्के रक्कम मटेरियलची धरतात आणि तिच्या निम्मी कापतात. याशिवाय सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला आपण स्वतः भरायचा वाटा: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यापुढे २,००० रुपये, प्रत्येक क्लेमला.

उदाहरणार्थ, मागचा बंपर ४,०००, मजुरी १,०००, रंग ४,०००, एकूण ९,००० रुपये. बंपरचे २,००० आणि रंगाचे ५०० घसाऱ्यात गेले, १,००० वजावटीत गेले, हातात आले ५,५००. यासाठी ३५ टक्क्यांचा बोनस घालवणं चूकच. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घेतलेली जोड), असेल तर ८,००० मिळतील, तरीही वरच्या उदाहरणात क्लेम महागच पडतो. क्लिप, नट-बोल्ट, ऑइल असल्या वस्तूंसाठी कन्झ्युमेबल्सचं वेगळं ॲड-ऑन लागतं.

पुढची काच हे वेगळं प्रकरण आहे. घसारा नसल्याने जवळजवळ पूर्ण रक्कम मिळते आणि सेन्सर-कॅमेरा असलेल्या गाड्यांत काच बरीच महाग असते. अशा वेळी क्लेमच बरा. काही पॉलिसींत फक्त काचेच्या क्लेमने बोनस जात नाही, तेव्हा आधी ॲड-ऑनची अट वाचा.

एनसीबी प्रोटेक्ट या ॲड-ऑनबद्दल माझं मत: ४५-५० टक्क्यांवर पोचलेल्यांनी घ्यावं, २० टक्केवाल्यांनी पैसे घालवू नयेत. बहुतेक ठिकाणी ते वर्षाला ठरावीक क्लेमपुरतंच चालतं. शिवाय ते टक्केवारी राखतं, मूळ हप्ता राखत नाही. ओन डॅमेजचे दर २००७ पासून कंपन्याच ठरवतात, त्यामुळे क्लेमनंतर मूळ दर चढला तर त्यावर हे ॲड-ऑन काही करू शकत नाही. जो छोटे क्लेम करणारच नाही, त्याने ऐच्छिक वजावट वाढवून हप्त्यात सूट मागणं जास्त शहाणपणाचं.

प्रत्यक्ष ठोकर बसली की क्रम असा ठेवा. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी फोटो, नंबर प्लेट दिसेल असे. मग गॅरेजकडून दोन इस्टिमेट मागा, एक विम्यातून आणि एक रोखीने. रोखीचं बऱ्याचदा कमी असतं, कारण बंपर बदलण्याऐवजी दुरुस्त होतो. हे एक-दोन दिवसांत उरका, कारण पॉलिसीत लगेच कळवण्याची अट आहे. क्लेम नोंदवल्यावर विचार बदलला तर पैसे न घेता तो मागे घेतल्याचं कंपनीकडून लेखी घ्या, म्हणजे नूतनीकरणाला बोनसवरून वाद होणार नाही. आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येण्याआधी काहीही उघडू नका.

गॅरेजवाला म्हणेल, “जुने पोचेही यातच बसवू.” नको. वेगळ्या घटनेचं नुकसान म्हणजे वेगळा क्लेम आणि वेगळी वजावट. गंज चढलेला ओरखडा सर्व्हेअर लगेच ओळखतो आणि खोट्या माहितीवर अख्खा क्लेम नाकारला जाऊ शकतो.

काही बाबतींत हिशोब करत बसायचं नाही. कोणी जखमी झालं, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं किंवा गाडी चोरीला गेली, तर पोलीस आणि कंपनी दोघांनाही ताबडतोब कळवा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपुढे गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते, तिथेही बोनसचा प्रश्न गौण. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करू नका. पाणी आत गेलेलं असताना चालू केल्याने इंजिन गेलं, तर इंजिन प्रोटेक्ट ॲड-ऑन नसताना ते नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही.

बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचं पत्र घ्या, ते तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतं. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर मात्र जमलेला बोनस जातो. नूतनीकरणाला कंपनी बदलत असाल तर अर्जातला बोनसचा आकडा स्वतः तपासा. क्लेम झालेला असताना एजंटने ५० टक्के लिहून दिले, तरी नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते आणि पुढचा मोठा क्लेम नेमका तिथेच अडकतो.