ठेंगणी सावनी : वर्षभरानंतरचा अनुभव

जागा थोडी, ऊन भरपूर आणि जमीन काळी, अशी अंगणं नागपुरात घरोघरी आहेत. अशा अंगणासाठी मी ठेंगणी सावनी, हे बुटकं फुलझुडूप, मनापासून सुचवेन. आमच्या फाटकाशेजारी तिला वर्ष होऊन गेलं. आपलं राज्यफूल तामण तिच्याच कुळातलं. पण तामणाचा वृक्ष होतो, ही मात्र कमरेएवढी राहते. नर्सरीत उंचीचं नक्की विचारून घ्या. साधी सावनी माणसाच्या डोक्यावर जाते आणि लहान रोपं दोन्हींची सारखीच दिसतात.

खरी मेहनत मातीची. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, मुळं गुदमरतात. म्हणून दीड फुटाचा खड्डा करून निम्मा मुरूम आणि शेणखत मिसळलं, रोप जरा उंचवट्यावर लावलं. जुलैच्या झडीतही बुंध्याशी पाणी थांबलं नाही.

थंडीत पानं तांबूस होऊन गळतात आणि नुसत्या काड्या उरतात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गेलं वाटते झाड!" नखानं साल खरवडून दाखवली, आत हिरवं होतं. हीच छाटणीची वेळ. फुलं नव्या फुटीच्या शेंड्यावरच येतात, त्यामुळे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, फूट निघायच्या आधी कात्री लावायची.

आणि मग मे महिना! पारा पंचेचाळिशीला टेकलेला, मोगराही दमलेला, आणि हिच्यावर गुलाबी घोस. प्रत्येक फुलाला सहसा सहा पाकळ्या, कडा क्रेप कागदासारख्या चुणीदार, मध्ये पिवळे पुंकेसर. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, दुपारी पानं माना टाकत, संध्याकाळी पुन्हा ताठ होत. पाणी सकाळीच, आळ्यात, वर वाळल्या पानांचं आच्छादन. पहिला बहर ओसरल्यावर सुकलेले घोस खुडले, तर पावसाळ्यात दुसरा आला. युरिया टाकू नका, नुसता पाला वाढतो.

सुवास नाही, ही माझी खंत. कोवळ्या शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो. पाण्याचा जोरदार फवारा मारून, मग निंबोळी अर्क दिला की आटोक्यात राहतो. पावसाळ्यात पानांवर भुरी, म्हणजे पांढरी पिठासारखी बुरशी, धरते, सावलीतल्या झाडावर जास्त. त्यामुळे सहा तास थेट ऊन नसेल तर ही घेऊच नका.

गच्चीवर कुंडीत लावायची असेल तर सोळा इंची घ्या, तळाची भोकं मोठी ठेवा आणि उन्हाळ्यात रोज पाणी द्या.