लिलावातली बोट की बंदरावरची?
काका विचारत होते, सरकारी ई-लिलावातली बोट घेऊ की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या एखाद्या मालकाची? बोली कमी दिसते खरी, पण वर टॅक्स, अनामत आधी भरायची आणि न्यायचा खर्चही आपलाच. खरा फरक तपासणीत आहे, लिलावात 'जशी आहे, जिथे आहे' तशीच घ्यायची, इंजिन चालू करून बघायला मिळेलच असं नाही, आणि उभ्या बोटीत गंज धरूनच चाला. मालकाकडे समुद्रात एक फेरी मारता येते, तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) विचारता येतं, फक्त नोंदणीच्या कागदावर थकलेलं कर्ज आधी तपासा. कोर्टाने 2017 च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याखाली (जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा) विकलेलं जहाज मात्र जुन्या बोज्यातून, म्हणजे आधीच्या कर्ज-दाव्यांतून, मोकळं मिळतं. हाताशी चांगला मेस्त्री आणि वेळ असेल तर लिलाव, नारळी पौर्णिमेला बोट पाण्यात हवी असेल तर मालकाचीच घ्या.