ल्युपसमध्ये ठोका चुकत असेल तर: २४ तासांचा होल्टर की १४ दिवसांचा पॅच?

ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार) असताना "मधेच ठोका चुकतो, गरगरतं" असं सांगितलं की आधी ईसीजी काढतात. तो जेमतेम १० सेकंदांचा, त्यामुळे माझ्यासारखा बहुतेकदा साफ येतो. मग होल्टर (वायरींनी छातीला जोडून अंगावर बाळगायचं ईसीजी यंत्र) की पॅच (छातीवर चिकटवायची, ठोके नोंदवणारी छोटी पट्टी), हा प्रश्न उरतो. मी दोन्ही लावून बघितले.

आपल्या ल्युपसवाल्यांत सगळ्यात जास्त दिसते ती नुसती जलद गती. ताप, रक्तक्षय किंवा आजार उसळला की नाडी पळते. पण हृदयाच्या स्नायूला सूज आली किंवा एव्ही नोडजवळ (हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं विजेचं जंक्शन) व्रण राहिला, तर वरून खाली जाणारा विजेचा संदेश रेंगाळतो. ईसीजीवर पीआरचं अंतर (तो संदेश वरून खाली पोचायला लागणारा वेळ) लांबतं, पुढे एखादा ठोका गळतो. आपली रोजची एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी) क्यूटी, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला विजेच्या दृष्टीने पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबवू शकते, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर क्वचित हार्ट ब्लॉकही (विजेचा संदेश वाटेत अडणं) झालेले आहेत. पण तेवढ्यावरून ती मनाने बंद करू नका, ल्युपसला तिचाच आधार आहे. मात्र खोकल्यासाठी कुणी अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहून दिलं तर एचसीक्यू चालू असल्याचं आवर्जून सांगा. ते अँटिबायोटिकही क्यूटी लांबवतं.

होल्टर स्वस्त, सहज मिळतो, आणि त्याच्या अनेक लीड्समुळे (वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या नोंदी) बंडल ब्रँच ब्लॉकसारख्या (खालच्या कप्प्यांकडे जाणारी विजेची एक वाट अडणं) गोष्टी जास्त नीट कळतात. रोज त्रास होत असेल तर तोच पुरेसा ठरावा.

माझं बिनसलं ते वायरींवरून. सकाळी ठाण्याला घणसोलीची गाडी पकडली. लेडीज डब्यात रेटारेटी, अंगावर घाम, त्यात कुर्त्याखालची एक क्लिप निसटली. ऑफिसात पोचेपर्यंत मला पत्ताच नाही. रिपोर्टमध्ये नेमक्या त्या प्रवासाचा आलेख वाचता येण्याजोगा नव्हता. जिना चढून गाडीत शिरते तेव्हाच मला गरगरतं, म्हणजे तपासायचं होतं तेच गेलं. दुसऱ्यांदा लावला त्या दिवशी मी सुट्टी घेतली. क्लिपा जागच्या जागी राहिल्या, पण दिवसभर घरात बसून होते, त्रास काहीच झाला नाही.

पॅचला वायर नाही. डाव्या छातीवर चिकटवला, वरून पाणी घेऊन अंघोळ केली, गाडीत उभी राहिले. त्रास झाला की बटण दाबायचं. नवव्या दिवशी संध्याकाळी ठाण्याच्या पुलावर दाबलं, आणि त्याच मिनिटाला पीआर वाढत वाढत जाऊन ठोका गळलेला निघाला. हा वेंकबाख प्रकार गाढ झोपेत निरोगी माणसातही दिसतो. भर चढणीवर, गरगरण्यासोबत दिसला म्हणून डॉक्टरांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी) करायला लावलं. पेसमेकरची वेळ आलेली नाही.

पॅचची बाजू पडते ती कातडीवर. गोंदाने माझी छाती आठवडाभर लाल होती, आणि चट्टे उठलेले असतील तर तो लावूच नये असं मला वाटतं. शिवाय त्यात लीड एकच, आणि माझा रिपोर्ट पॅच परत दिल्यावरच आला. त्यामुळे शुद्ध हरपली असेल तर दोन्ही विसरा, थेट हॉस्पिटल गाठा. गरोदरपणात अँटी-रो (ल्युपसमध्ये रक्तात सापडू शकणारी एक अँटिबॉडी) पॉझिटिव्ह असाल तर पोटातल्या बाळाच्या ठोक्याचा प्रश्न निराळा, तिथे साधारण १६ ते २६ आठवड्यांत बाळाचा इको करतात.

आठवड्यातून एकदोनदा, तेही धावपळीतच त्रास होत असेल, तर मी पॅचकडे झुकेन. फक्त मे महिन्यात नको; माझा बाराव्या दिवशी कडेने सुटायला लागला होता.