किकिट : तीन कार्डं, एक पॅनल

कुपवाड एमआयडीसीत शेतीपंपाचे कंट्रोलर बनवणाऱ्या छोट्या युनिटला एकेका कार्डाचे (म्हणजे सर्किट बोर्डाचे) पाच-दहा नगच लागतात. तीन कार्डांच्या तीन ऑर्डरी काढल्या की सेटअप आणि कुरिअरही तीनदा पडतं. तिन्ही कार्डं एकाच मोठ्या बोर्डावर, म्हणजे पॅनलवर, मांडून एकच ऑर्डर काढता येते. त्यासाठी किकॅड या सर्किट बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर चालणारं किकिट हे फुकट, ओपन सोर्स टूल फार कामाचं आहे. मात्र त्याच्या प्लगइनमध्ये एकाच बोर्डाच्या प्रती मांडता येतात. वेगवेगळी डिझाइन एकत्र करायची तर पायथनची छोटी स्क्रिप्ट लिहावी लागते. बोर्ड जोडून झाल्यावर, टॅब (बोर्डांना जोडून ठेवणारे छोटे पूल) टाकायच्या आधी, पार्टिशन लाइन म्हणजे बोर्डांमधली विभागणीची रेघ तयार करा. ती नसेल तर टॅब कुठवर न्यायचे हे किकिटला कळत नाही.

बोर्ड बनवणाऱ्या बऱ्याच कारखान्यांचा स्वस्त दर १००×१०० मिमीपर्यंत असतो. तेवढ्यात ६०×५० चं रिले कार्ड, शेजारी ३६×५० चं सेन्सर कार्ड आणि खाली ९८×३४ चं डिस्प्ले कार्ड बसतं. प्रत्येक फटीत राउटरसाठी (बोर्ड कापणाऱ्या फिरत्या पात्यासाठी) २ मिमी, वर-खाली असेंब्लीच्या मशीनला पॅनल धरायला ५ मिमीच्या पट्ट्या. हातानेच सोल्डर करणार असाल तर पट्ट्या काढून टाका, त्यांच्या फटी धरून १४ मिमी वाचतात.

या मांडणीत व्ही-कट (बोर्ड तोडण्यासाठी कोरलेली व्ही आकाराची खाच) वापरू नका. ती रेघ पॅनलच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाते, म्हणजे वरच्या दोन कार्डांमधला काप डिस्प्ले कार्डाचेही दोन तुकडे करेल. इथे माउसबाइटच हवेत, म्हणजे टॅब सहज तुटावा म्हणून त्यावर पाडलेली भोकांची रांग: ०.५ मिमीची भोकं, ०.८ मिमी अंतरावर. भोकं किंचित बोर्डाच्या आत सरकवली की तोडल्यावरचे दाते कडेबाहेर येत नाहीत आणि कार्ड डब्यात नीट बसतं. टॅबजवळ सिरॅमिक कपॅसिटर नको; तोडताना बोर्ड वाकतो, कपॅसिटरला आतून तडा जातो आणि तो वरून दिसत नाही.

नुसत्या गर्बर फाइली (कारखान्याला द्यायच्या बोर्डाच्या फाइली) चिकटवण्यापेक्षा किकिट सरस ठरतं ते नेटच्या, म्हणजे सर्किटमधल्या विजेच्या जोडण्यांच्या, बाबतीत. प्रत्येक बोर्डाच्या नेटला ते वेगळं नाव देतं, त्यामुळे तीन ग्राउंड एकमेकांत मिसळत नाहीत आणि डीआरसी (किकॅडची डिझाइनचे नियम तपासणारी चाचणी) नीट चालते. पण सुट्या भागांची नावं, म्हणजे रेफरन्स, बदलत नाहीत: आर१ हा रेझिस्टर तिन्ही कार्डांवर आर१च राहतो. असेंब्ली बाहेरून करून घेणार असाल तर स्क्रिप्टमध्ये रेफरन्सही बदलून घ्या.

जाडी, तांबं, लेयर आणि रंग तिन्ही कार्डांना एकच मिळणार. रिले कार्ड वीस आणि डिस्प्ले पाचच हवे असतील तर रिले कार्ड वेगळंच मागवा. एका पॅनलमध्ये अनेक डिझाइन असली की बरेच कारखाने जादा शुल्क लावतात. डिझाइनची खरी संख्या भरूनच कोटेशन घ्या, नाहीतर ऑर्डर तपासणीत अडकते.