अण्णांचा वस्तरा आणि किंगचा १०००/६००० दगड: आठ महिन्यांचा अनुभव

आमचे अण्णा ८४ वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरतात, म्हणून त्यांची दाढी मी करते. न्हावी घरी यायला तयार होता, दोनदा येऊनही गेला. पण अर्धं ब्लेड अडकवलेला तो हलका वस्तरा अण्णांना गालावर नको होता. त्यांना त्यांचाच हवा. तो त्यांच्या वडिलांचा, घडीचा, पातं ५/८ इंच रुंद, मुळाशी ‘सोलिंगेन’ (जर्मनीतलं पोलादी पात्यांचं शहर) कोरलेलं. बुधवार, शुक्रवार, रविवार दाढी. मंगळवारी आणि शनिवारी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम अजून आहे. दाढी माझ्याकडे आली तशी धारही माझ्याकडे आली.

पहिली चूक माझीच. इंदूरच्या रामबागेत आमच्या गल्लीत चाक घेऊन धारवाला येतो. सुऱ्या-कात्र्या तो बऱ्या करतो, म्हणून मी वस्तराही त्याच्या हातात दिला. “अभी नई कर देता हूँ,” म्हणाला आणि चाक फिरवलं. ठिणग्या उडाल्या. दोन मिनिटांत पातं परत आलं, चकचकीत, आणि टोकाशी निळसर झाक. अण्णांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, बोट न लावता नुसतं पाहिलं आणि म्हणाले, “इथलं पाणी उतरलं.” पोलादाला दिलेलं पाणी म्हणजे त्याचा कडकपणा. चाकावर तापून पातं निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला, तिथे धार टिकत नाही. रागावले नाहीत, पण त्या दिवशी वस्तरा उशाशी ठेवून झोपले. मला फार लागलं ते. कुणी वाचत असाल तर एवढं ऐका: घडीचा वस्तरा फिरत्या कोरड्या चाकावर कधीही देऊ नका, धारवाला कितीही ओळखीचा असो.

म्हणून धार लावायचा दगड. मी घेतला तो जपानचा किंग, दोन तोंडांचा: एक बाजू तपकिरी, १००० ची, दुसरी पांढुरकी, ६००० ची. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. खाली प्लॅस्टिकची बैठक येते. ऑनलाइन मागवला, मला साडेतीन हजारांच्या आसपास पडला. आला तो नीट, कुठे टवका उडालेला नव्हता.

वापर असा. १००० ची बाजू वापरायची असेल तर दगड पाण्यात दहा मिनिटं. बुडबुडे थांबले की तयार. ६००० च्या बाजूला भिजवत ठेवायचं नाही, वर पाणी शिंपडायचं. आमच्याकडे नर्मदेचा नळ दिवसाआड येतो, पण याला पाणी फार लागत नाही, एक तांब्या पुरतो. ओट्यावर ओलं फडकं, त्यावर बैठक, त्यावर दगड. फडकं नसेल तर बैठक सरकते, आणि हातात वस्तरा असताना काहीही सरकायला नको.

सुरीपेक्षा वस्तरा एका बाबतीत सोपा आहे. सुरीला कोन आपल्याला धरावा लागतो, वस्तऱ्याला तो घडवतानाच दिलेला असतो. पातं दगडावर आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही दगडाला लागलेल्या. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी मिळून कोन ठरतो. आपण पाठ उचलायची नाही, बस्. धार पुढे ठेवून ढकलायचं, दगडाच्या टोकाला पोचलं की पाठीवर पालटायचं, परत धार पुढे. दाब नाहीच, पात्याचं वजन आणि दोन बोटांचा आधार. आणखी एक अडचण म्हणजे पातं तीन इंच लांब आणि दगड अडीच इंच रुंद. सरळ ढकललं तर टोक किंवा मूळ सुटून जातं. म्हणून ढकलता ढकलता तिरकं ओढत यायचं, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते. हे मला जमायला तीन रविवार गेले.

आपण नेमकं कुठे घासतोय ते कळायला धारेच्या कडेला काळ्या मार्करची रेघ ओढावी. चार-पाच फेऱ्यांनंतर पाहिलं तर माझ्या पात्याच्या मधली शाई तशीच होती, दोन्ही टोकांची गेलेली. मला वाटलं पातं वाकडं आहे. पातं सरळ होतं, दगड वाकडा होता.

किंगबद्दल सगळ्यात महत्त्वाचं सांगायचं तर हेच. हा दगड मऊ आहे. त्याचा फायदा असा की तो लवकर कापतो, हाताखाली दही फिरवल्यासारखा लागतो, शिकणाऱ्याला कळतं की काहीतरी होतंय. तोटा असा की मध्ये खड्डा पडतो, डोळ्यांना दिसत नाही इतका. खड्ड्याच्या दगडावर सरळ धारेचा वस्तरा म्हणजे मधली धार हवेत. विकणारा हे सांगत नाही, डब्यावरही मला दिसलं नाही. उपाय स्वस्त आहे. सियागंज बाजारातून ४०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात घासायचा सँडपेपर, आणला, जुन्या कपाटाच्या काचेच्या फळीवर पाणी लावून पसरला. दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखल्या आणि उलटा करून घासला. पहिल्यांदा पाहिलं तर कडेच्या रेघा पुसल्या होत्या आणि मधे चिंचोक्याएवढ्या जागेत पेन्सिल तशीच ठळक. ती जागा हळूहळू लहान होत गेली, चिंचोक्याची हरभऱ्याची डाळ झाली, मग टिकली, मग गेली. आता प्रत्येक वेळी आधी हे करते, पाच मिनिटं लागतात. आठ महिन्यांत १००० ची बाजू सुमारे दीड मिलिमीटर झिजली आहे, त्यात स्वयंपाकघरातल्या सुऱ्याही आल्या. निळं पडलेलं टोकही मी याच बाजूवर घासून गोल करून टाकलं. चार संध्याकाळी लागल्या.

आता ६००० ची बाजू. इथे आवाज बदलतो. १००० वर खसखस ऐकू येते, इथे नुसती कुजबुज. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर पातं दगडाला धरल्यासारखं चिकटून सरकतं, ओल्या काचेवर ओली काच सरकते तसं. मनगटावरचे केस कातडीला न टेकता कापले गेले तेव्हा मी आत ओरडले, “अण्णा, झालं!” त्यांनी साबण लावून घेतला, मी डाव्या गालावरून एक पट्टा काढला आणि ते म्हणाले, “ओढतोय गं थोडा.”

त्यांचं बरोबर होतं. ६००० वर थांबलेली धार सुरीला खूप झाली, दाढीला नाही. ८००० किंवा त्याहून बारीक दगड असता तर काम झालं असतं, पण मला तेवढा खर्च पुन्हा करायचा नव्हता. मग हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पूड आणली, सुती कापडाच्या पट्ट्यावर चिमूटभर चोळली आणि त्यावर दहा फेऱ्या. स्टील चमकवायची हिरवी लादी मिळते ती घेऊ नका, त्यात जाड कणही मिसळलेले असतात. नुसती पूड घ्या. त्या दिवसानंतर “ओढतोय” हा शब्द आला नाही.

ज्यावर वस्तरा फिरवून धार सरळ करतात त्या चामड्याच्या पट्ट्याची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण रोजचं सुख त्यात आहे. दगड मला सहा-आठ आठवड्यांतून एकदा लागतो, पट्टा दर दाढीला. इथले जुने न्हावी त्याला चमोटा म्हणतात. पहिला मी ऑनलाइन घेतला, ‘अस्सल चामडं’ लिहिलेला. पंधरा दिवसांत वरचा थर पापुद्र्यासारखा सुटला, खाली कापड. परत करायला गेले तर वापरलेला माल परत घेत नाही म्हणाले. नऊशे रुपये गेले. अण्णा म्हणाले, “मोच्याकडे जा.” मोच्यानं बाभळीच्या सालीनं कमावलेलं म्हशीचं चामडं दाखवलं, दोन फूट लांब, तीन इंच रुंद पट्टी कापून एका टोकाला कडी शिवून दिली. चारशे रुपये. सुरुवातीला कडक होती. अण्णांनी ती मांडीवर घेतली आणि आठवडाभर दुपारी तळहातानं चोळत बसले. थरथरता हातही चोळायचं काम उत्तम करतो. आता ती मधासारख्या रंगाची झाली आहे.

पट्ट्यावर दिशा उलटी. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागून येते. आणि पालटताना पाठीवर लोळवायचं, धारेवर कधीच नाही. पहिल्याच आठवड्यात मी घाईनं धारेवरून पालटलं आणि पट्टीवर अर्ध्या इंचाची चीर पाडली, ती अजून दिसते. अण्णा शेजारी खुर्चीवर बसून मोजतात. तीस फेऱ्या. मध्येच “ताण सोडलास” म्हणतात, डोळे मिटलेले असतात तरी. पट्टा सैल पडला की आवाज बदलतो, तो त्यांना कळतो.

त्यांनी एकदा विचारलं, केसासारखी मऊ गोष्ट पोलाद कसं झिजवते? मी शोधलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात यावर निबंध छापला. पोलाद केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण. तरी पोलादाची घडण सगळीकडे सारखी नसते, आणि केस तिरका येऊन नेमक्या कमकुवत जागी टेकला की धारेचा बारीक टवका उडतो. त्यांनी विकतची ब्लेडं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. माझ्या अनुभवाशी हे जुळतं. पट्टा धार सरळ करतो, पण उडालेला टवका भरून काढत नाही. म्हणून काही आठवड्यांनी दगडाकडे जावंच लागतं. आणि म्हणूनच दाढी आधी दोन-तीन मिनिटं गरम पाण्याच्या टॉवेलनं भिजवते. भिजलेला केस कापायला जोर कमी लागतो.

माझा भाऊ साधं दुधारी ब्लेड जीन्सच्या कापडावर घासून महिनाभर चालवतो. मला ते पटत नाही. त्या ब्लेडच्या कडेला पातळ लेप असतो, घासून तो जातो. ब्लेड काही रुपयांचं आहे, नवीन घ्यावं.

गंजाबद्दल. हे जुनं पोलाद गंजतं, आणि इंदूरच्या पावसाळ्यात एका रात्रीत ठिपके येतात. दाढी झाली की पुसून, मुठीच्या फटीतलं पाणी कागदानं टिपून, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल मी आधी वापरत होते. ते हिवाळ्यात गोठतं आणि पुढे चिकट होतं. शिवाय वस्तरा ठेवायची पत्र्याची बंद डबी टाकून दिली. अण्णांच्या वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची आहे, डबी उघडली की कापराचा वास यायचा आणि लहानपणापासून मला तो आवडायचा. सेल्युलॉइड कापूर घालूनच बनतं. पण जुनं होत गेलं की त्यातून आम्ल वाफ सुटते आणि बंद डबीत तीच पात्याला खाते. आता वस्तरा कापडात गुंडाळून उघड्या फळीवर असतो, देवघराच्या बाजूला, दिव्यापासून लांब, कारण सेल्युलॉइड पेटतंही चटकन.

वस्तरा एकाच माणसाचा असावा, घरातही दुसऱ्यानं वापरू नये, हे सांगायला नको. रक्तातून जाणारे आजार त्यातून जातात.

दगडाला मी पाचपैकी चार देईन. नवशिक्याला हा चांगला, पण वॉटर पेपर, काचेचा तुकडा आणि हिरवी पूड याच्यासोबतच घ्या, नाहीतर ६००० वर येऊन अडकाल. वस्तऱ्याची पाठ आधीच खूप झिजली असेल तर दगडाआधी तिच्यावर चिकटपट्टीचा एक थर लावा, म्हणजे पुढे झीज थांबते. आमच्याकडची पाठ अजून रुंद आहे, मला लागली नाही.

या शुक्रवारी हनुवटीखालची सैल कातडी अंगठ्यानं वर ताणून शेवटचा पट्टा काढला. अण्णांनी गालावरून उलट्या हातानं बोटं फिरवली, मग माझ्या हातातून पातं घेऊन मोच्याच्या पट्टीवर स्वतः दोन फेऱ्या मारल्या. मी त्यांचं मनगट धरलं होतं. पाठीवरच लोळवलं त्यांनी, दोन्ही वेळा.